भिंतीवरचे बी. पी.

आपल्या शाळेच्या स्काउट-गाइडच्या खोलीत काठ्यांच्या जुडग्यामागे एक तसबीर असायची. रुंद काठाची टोपी, पिकलेल्या मिशा, गळ्यात स्कार्फ. दर २२ फेब्रुवारीला तिच्यावरची धूळ पुसली जायची, झेंडूचा हार चढायचा आणि चिंतन दिनाचं भाषण व्हायचं. पूर्ण नाव घेताना जीभ अडखळायची, म्हणून सगळे बी. पी. म्हणायचे. त्यावरून रक्तदाबाचा विनोद प्रत्येक बॅचने आपणच पहिल्यांदा करतोय अशा थाटात केलेला आहे. तो इथे पुन्हा करत नाही.

आता त्या खोलीची डागडुजी आपण माजी विद्यार्थी मिळून करणार आहोत आणि तसबीर परत लावायची की नाही यावरून आपल्यात दोन तट पडले आहेत. ज्या माणसाने आपल्याला तंबू, शेकोटी आणि रात्रीचं आभाळ दिलं त्याला उतरवायचं कशाला, असं काहींचं म्हणणं. इंग्रजांच्या फौजेतला अधिकारी स्वतंत्र देशातल्या शाळेच्या भिंतीवर हवाच कशाला, असं बाकीच्यांचं. वाद चांगला रंगला, पण हा माणूस जगला कसा याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. ते मी इथे लिहिते. माझं मत मधेच कुठेतरी येईल, लपवणार नाही.

रॉबर्ट स्टीफन्सन स्मिथ बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा, लंडनचा. वडील ऑक्सफर्डमध्ये भूमितीचे प्राध्यापक. मुलगा तीन वर्षांचा असताना ते वारले आणि आईने एकटीने घर सांभाळलं. नावातला स्टीफन्सन आला तो धर्मपित्याकडून, म्हणजे रेल्वेचे प्रसिद्ध अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन यांच्याकडून. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, त्या मार्गाचे मुख्य अभियंते जेम्स बर्कली हे याच स्टीफन्सन यांच्या शिफारशीने इथे आले होते. कल्याण-ठाण्याच्या गाड्यांत उभ्याने कॉलेज केलेल्या मला हा धागा सापडला तेव्हा गंमत वाटली.

पोरगा अभ्यासात बेताचाच. चार्टरहाउस नावाच्या शाळेत होता. ती शाळा लंडनबाहेर गेल्यावर तिच्या आवाराला लागून दाट झाडी मिळाली आणि तिथे जायला मुलांना बंदी होती. हा तिथेच जाऊन बसायचा. ससे पकडायचा, भाजायचा, आणि मास्तरांना पत्ता लागू नये म्हणून धूर न होणारी चूल पेटवायला शिकला. बिनभांड्याच्या स्वयंपाकाच्या तासाला आपले सर वाळक्या, काडीपेटीच्या काडीएवढ्या बारीक काटक्या आधी लावायला सांगायचे. ओलं लाकूड टाकलं की अख्खा संघ डोळे चोळत बसायचा. त्या तासाचं मूळ असं एका शाळाचुकार मुलाच्या युक्तीत आहे. सुट्टीत हाच मुलगा भावांबरोबर होडीतून भटकायचा, आणि वयाने धाकटा म्हणून भांडी घासणं, सामान उचलणं त्याच्या वाट्याला यायचं.

ऑक्सफर्डला प्रवेश मिळाला नाही. लष्कराची परीक्षा मात्र त्यांनी वरच्या क्रमांकाने दिली आणि १८७६ च्या अखेरीस, एकोणीस वर्षांचे असताना, बोटीने मुंबईला उतरून लखनौला आपल्या घोडदळाच्या पलटणीत दाखल झाले. पुढची बरीच वर्षं हिंदुस्थानात गेली. ते नाटकांत कामं करायचे, दोन्ही हातांनी चित्रं काढायचे, घोड्यावर बसून भाल्याने रानडुकरं मारायचे आणि त्यावर त्यांनी जाडजूड पुस्तकही लिहिलं. साहेबी जगणं होतं ते, नोकरचाकर आणि पोलोचे घोडे असलेलं. पण त्या सगळ्यात एक छंद असा होता की जो पुढे आपल्यापर्यंत आला. जमिनीवरचे ठसे, मोडलेली फांदी, उडालेली धूळ यांवरून काय घडलं असेल याचा अंदाज बांधायचा. १८८४ मध्ये त्यांनी टेहळणीवर पहिलं पुस्तक लिहिलं.

१८९७ मध्ये ते मेरठला एका पलटणीचे प्रमुख झाले. तिथे त्यांनी शिपायांना मोठ्या रांगेत उभं करून कवायत देण्याऐवजी छोट्या तुकड्या केल्या, त्यांना रात्री-बेरात्री एकेकटं रानात पाठवलं आणि जो तयार झाला त्याला एक बिल्ला दिला. होकायंत्रावर उत्तर दिशा दाखवणाऱ्या बाणाच्या टोकासारखा, तीन पाकळ्यांचा. आज जगभरातल्या स्काउटांच्या बिल्ल्यावर जी तीन पाकळ्यांची खूण दिसते, तिची सुरुवात मेरठच्या छावणीतली आहे.

इथून पुढचं आपल्या चिंतन दिनाच्या भाषणात येत नसे.

आफ्रिकेत त्यांनी इंग्रजी साम्राज्याच्या अनेक लढायांत भाग घेतला. १८९६ मध्ये, आजच्या झिम्बाब्वेत, माताबेले लोकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्यात पकडलेल्या उविनी नावाच्या एका प्रमुखाला बेडन-पॉवेल यांनी लष्करी न्यायालय भरवून गोळ्या घालायला लावल्या. त्याची चौकशी झाली आणि ते त्यातून सुटले. आपण सुटले म्हणायचं. उविनीच्या माणसांनी काय म्हटलं असेल ते चौकशीच्या कागदांत नसतं. मग आलं मॅफेकिंग. १३ ऑक्टोबर १८९९ ते १७ मे १९००, असे २१७ दिवस बोअर सैन्याने या छोट्या गावाला वेढा घातला होता आणि आत हे मुख्य होते. माणसं कमी, म्हणून त्यांनी शक्कल लढवल्या. वाळूने भरलेल्या पेट्या सुरुंग म्हणून गाजावाजा करत पुरल्या. काटेरी तार नव्हती तर शिपायांना नसलेल्या तारेवरून पाय उचलून चालायला लावलं, म्हणजे दुरून पाहणाऱ्या शत्रूला तार आहे असं वाटावं. गाव टिकलं. बातमी पोचल्यावर लंडनमध्ये लोक रस्त्यावर नाचले. त्रेचाळिसाव्या वर्षी ते मेजर जनरल झाले आणि बिस्किटांच्या डब्यांवरसुद्धा त्यांचा चेहरा छापला जाऊ लागला. पण त्याच वेढ्यात गावातल्या आफ्रिकी लोकांना गोऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी शिधा मिळाला आणि त्यातले अनेक जण उपासमारीने गेले. यात बेडन-पॉवेल यांचा दोष किती, यावर इतिहासकारांत अजून भांडणं चालू आहेत. माणसं मेली, याबद्दल मात्र भांडण नाही.

याच गावात एक मुलांचं पथक होतं. ते उभं केलं होतं त्यांच्या हाताखालच्या लॉर्ड एडवर्ड सेसिल या अधिकाऱ्याने. निरोप पोचवणं, पहारा देणं, दवाखान्यात मदत करणं ही कामं बारा-पंधरा वर्षांची पोरं करत. त्यांचा नायक गुडइयर तेरा वर्षांचा होता. आधी गाढवांवरून आणि मग सायकलवरून ही मुलं गोळ्यांच्या माऱ्यात फिरत. मोठ्यांनी मुलांवर खरी जबाबदारी टाकली तर ती पेलतात, हे बेडन-पॉवेल यांनी तिथे पाहिलं आणि पुढे पुन्हा पुन्हा लिहिलं.

इंग्लंडला परतल्यावर त्यांना दिसलं की शिपायांसाठी लिहिलेलं त्यांचं टेहळणीचं पुस्तक शाळकरी मुलं वाचताहेत आणि शिक्षक वर्गात वापरताहेत. मग प्रयोग करून पाहायचं ठरलं. १९०७ च्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर, वीसेक मुलं घेऊन शिबिर झालं. माझ्या मते या माणसाच्या आयुष्यातले हे सगळ्यात चांगले दिवस. म्हणून इथे जरा थांबते.

मुलांचे चार संघ केले: बैल, लांडगा, कर्ल्यू नावाचा पाणपक्षी आणि डोमकावळा. प्रत्येक संघाची खांद्याला बांधायची रंगीत फीत वेगळी. संघात पाच-सहा मुलं, त्यांच्यातलाच एक संघनायक, आणि काय करायचं ते नायकालाच सांगायचं. बाकीच्यांना तो सांगेल. नऊ वर्षांचा पुतण्या डोनाल्ड काकांचा निरोप्या म्हणून सोबत होता. पहाटे सहाला माताबेलेंच्या मुलखातून आणलेलं कुडू हरणाचं शिंग फुंकून सगळ्यांना उठवायचं. कोको-बिस्किटं, व्यायाम, प्रार्थना, झेंडा, मग दिवसभर गाठी, माग काढणं, झाडं-पक्षी ओळखणं, आणि जेवणानंतर सक्तीची विश्रांती. रोज रात्री एक संघ पीठ, बटाटे, मांस असा कच्चा शिधा घेऊन लांब पहाऱ्याला जाई आणि आपलं आपण शिजवून खाई. बाकीच्यांची शेकोटी. तिथे बी. पी. गोष्टी सांगत आणि झुलूंचं एक गाणं गाऊन घेत. ज्यांच्याशी ते लढले होते त्यांचंच शिंग आणि त्यांचंच गाणं. हे त्यांना स्वतःला कधी टोचलं का, असा प्रश्न मला पडतो.

पण खरी धाडसाची गोष्ट यादीतली नावं होती. निम्मी मुलं ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली आणि निम्मी पूल-बोर्नमथ या गावांतल्या कामकरी घरांतली. श्रीमंत मुलांना फी एक पौंड, गावातल्या मुलांना साडेतीन शिलिंग. तंबूत मात्र सगळे एकत्र. १९०७ च्या इंग्लंडमध्ये ही साधी बाब नव्हती.

आपल्या भिवंडीतही ती साधी बाब नव्हती, हे आपल्या बॅचला सांगायला नको. लूममालकाची मुलगी आणि त्याच लूमवर रात्रपाळी करणाऱ्या कारागिराची मुलगी माझ्या संघात एका सतरंजीवर झोपल्या. निजामपुरा, पद्मानगर, ब्राह्मण आळी अशा पत्त्यांच्या मुली एका घमेल्यात पीठ मळत होत्या. डिसेंबर ९२ नंतर मुंबई जळत असताना आपलं गाव मोहल्ला समित्यांच्या जिवावर शांत राहिलं. पण १९८४ विसरलेलं घर तेव्हा गावात नव्हतं आणि पोरींना रात्री बाहेर पाठवायला आया तयार नव्हत्या. माझी आईही नव्हती. आपल्या बाई घरोघर गेल्या, प्रत्येक ओट्यावर चहा प्यायल्या आणि परवानग्या घेऊन आल्या. वज्रेश्वरीच्या एसटीत बसलो तेव्हा आम्ही बत्तीस जणी होतो. लूमचा आवाज नसलेली ती माझी पहिली रात्र. झोपच लागेना. तिथे शिकलेली संघपद्धत मी आज ऑफिसात वापरते. सहा-सात जणांची टीम, नायक त्यांच्यातलाच, आणि मी फक्त नायकाशी बोलायचं. यासाठी कंपनीने आम्हाला महागडं प्रशिक्षण दिलं, तेव्हा मी मागच्या बाकावर बसून हसत होते.

परत बी. पी. कडे. जानेवारी १९०८ पासून त्यांचं 'स्काउटिंग फॉर बॉईज' पंधरवड्याला एक भाग असं, चार पेन्सला, विकायला आलं. त्यांची कल्पना होती की आधीपासून असलेल्या मुलांच्या संस्था त्यातलं काही उचलतील. झालं भलतंच. मुलांनी कुणाला न विचारता गल्लोगल्ली स्वतःचेच संघ काढले, आईच्या झाडूची दांडी काढून काठी केली आणि मग गावातला एखादा मोठा माणूस शोधून त्याला आपला मास्तर केलं. संस्था मागाहून आली.

४ सप्टेंबर १९०९ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये सुमारे अकरा हजार स्काउट जमले. त्यांत काही मुलीही, गणवेशात, आपण गर्ल स्काउट आहोत असं सांगत उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मुलींनी असं धांगडधिंगा करत हिंडणं तेव्हाच्या लोकांना रुचणारं नव्हतं, म्हणून १९१० मध्ये त्यांच्यासाठी वेगळी संघटना काढून ती बहीण ॲग्नेस यांच्याकडे सोपवली. नाव ठेवलं गाइड. तेही हिंदुस्थानातलंच, वायव्य सरहद्दीवरच्या गाइड्स नावाच्या पलटणीवरून घेतलेलं. भावंडांनी मिळून गाइडांसाठी पुस्तक केलं, त्याच्या लांबलचक नावात मुली साम्राज्य उभारायला कशी मदत करतील हे आलं आहे. आपण निळे फ्रॉक घालून कामवारीच्या काठावर क्लोव्ह हिच बांधत होतो, तेव्हा साम्राज्य बुडून चार दशकं झाली होती.

१९१० मध्ये ते फौजेतून निवृत्त झाले. १९१२ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, तेवीस वर्षांच्या ओलेव्ह यांच्याशी लग्न केलं. दोघांचा वाढदिवस एकच, २२ फेब्रुवारी. तीन मुलं झाली. पुढे गाइड संघटनेचा मोठा भार ओलेव्ह यांनीच उचलला. १९२० मध्ये लंडनला पहिली जागतिक जांबोरी झाली आणि तिथे त्यांना जगाचे चीफ स्काउट म्हणून जाहीर केलं.

आता आपल्या वादाचा गाभा. हिंदुस्थानात पहिलं पथक १९०९ मध्ये बंगळूरला निघालं. १९१०-११ मध्ये खडकी, लोणावळा, जबलपूर, सिमला, मद्रास इथे निघाली. खडकी आणि लोणावळा म्हणजे आपल्या अगदी दाराशी. पण ती फक्त गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. इथल्या मुलांना स्काउट होता येत नव्हतं. सरकारला भीती होती की शिस्त, टेहळणी, नकाशे शिकलेली ही पोरं उद्या क्रांतिकारक होतील. ज्या चळवळीचा एक नियम सगळ्या स्काउटांना भाऊ मानायला सांगतो, तिच्या दारात ही पाटी होती.

मग क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलींनी केलं तेच इथल्या लोकांनी केलं. शाहजहानपूरला पंडित श्रीराम बाजपेयी यांनी १९१३ मध्ये स्वतःचं पथक काढलं. १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साथीने भारतीय मुलांची स्काउट संघटना उभारली, डोक्याला टोपीऐवजी फेटा दिला आणि इथली गाणी दिली. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी १९१७ मध्ये सेवा समितीचे स्काउट सुरू केले. आणि आपल्या नागपूरचे व्हिव्हियन बोस. हे नाव आपल्याला शाळेत कुणी सांगितलं नाही, याची मला हळहळ आहे. केंब्रिजहून बॅरिस्टर होऊन आलेले, नागपूरच्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि १९५१ पासून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. निकालपत्रं लिहिणारा हा माणूस भारतीय मुलांच्या स्काउटिंगच्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांपैकी, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास देशातल्या स्काउट संघटनेचा प्रमुख होता.

१९२१ मध्ये बी. पी. आणि ओलेव्ह व्हाइसरॉयच्या निमंत्रणावरून इथे आले. भारतीय मुलांना संघटनेत घेण्याचं ठरलं आणि बेझंटबाईंची संघटना तीत सामील झाली. सेवा समितीने मात्र वेगळंच राहणं पसंत केलं. त्या वेळी ते आडमुठेपण वाटलं असेल. १९३७ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय जांबोरी झाली, ऐंशीच्या उंबरठ्यावरचे बी. पी. तिला हजर होते, आणि त्याच सुमारास त्यांनी भारतीयांच्या चारित्र्याबद्दल हिणकस विधान केलं. देशभर संताप उसळला. कितीतरी पथकं त्यांच्या संघटनेतून बाहेर पडली आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन उभी राहिली. सगळं आयुष्य मुलांना माणसं पारखायला शिकवण्यात गेलेला माणूस, पण साठ वर्षांपूर्वी लखनौच्या छावणीतून ज्या नजरेने त्याने आपल्याकडे पाहिलं ती काही बदलली नव्हती.

तर माझं मत. तसबीर लावावी. पण एकटी नको. तिच्या शेजारी श्रीराम बाजपेयी आणि व्हिव्हियन बोस हवेत, आणि खाली छोट्या अक्षरांत उविनी, मॅफेकिंगचा शिधा आणि १९३७ याबद्दल चार ओळी हव्यात. आठवी-नववीच्या मुलांना हे झेपणार नाही, असं एका मित्राने मला सांगितलं. ज्यांच्यावर आपण रात्रीचा पहारा सोपवतो त्यांना चार ओळी झेपतील. ज्या सर-बाईंनी आपल्याला रानात नेलं त्यांचे फोटोही तिथे लागोत, त्याला तर कुणाचाच विरोध नाही.

स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद, मंगलदास पक्वासा, कुंझरू, बोस अशांनी खटपट केली आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटना मिळून भारत स्काउट्स आणि गाइड्स झाली. १५ ऑगस्ट १९५१ ला गाइडही तीत आल्या. आपल्या खांद्यावरची पट्टी त्या संघटनेची.

हे पाहायला बी. पी. नव्हते. शेवटची वर्षं त्यांनी केनियात न्येरी इथे, एका छोट्या बंगल्यात, जनावरांची जलरंगातली चित्रं काढत घालवली. ८ जानेवारी १९४१ ला ते गेले. दफन तिथेच झालं, जिथून माउंट केनियाचं शिखर दिसतं. ओलेव्ह १९७७ मध्ये वारल्या आणि त्यांची रक्षा त्याच थडग्यात ठेवली. दगडावर नावांच्या जोडीला माग काढण्याच्या खेळातली एक खूण कोरली आहे. खडूने आपण ती शाळेमागच्या फरशीवर कितीदा तरी काढली आहे: एक वर्तुळ, मधे ठिपका. खेळ संपला, मी घरी गेलो, असा तिचा अर्थ.